ईएल८४ च्या घरगुती स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरसाठी ट्रान्सफॉर्मर आणि पॉवर सप्लाय कसा ठरवावा?

आपला प्रश्न मला असा समजला: दोन्ही वाहिन्यांना एकेक ईएल८४ (स्पीकरला ताकद देणारा आउटपुट व्हॉल्व्ह) आणि दोघींत मिळून एक ईसीसी८३ (आधीचा लहान संकेत वाढवणारा व्हॉल्व्ह) असा सिंगल-एंडेड, म्हणजे प्रत्येक वाहिनीत एकच आउटपुट व्हॉल्व्ह असलेला, अ‍ॅम्प्लिफायर आपण घरी बांधत आहात, वाइंडिंग करणाऱ्या कारागिराने २५०-०-२५० व्होल्ट, १०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर सुचवला आहे, आणि तो पुरेल का, रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) व्हॉल्व्हचा असावा की सिलिकॉन डायोडचा, चोकवर (डीसीतला चढउतार गाळणारे गाभ्यावरचे वेटोळे) खर्च करावा का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. थेट उत्तर असे की ईझेड८१ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह वापरणार असाल तर त्या ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज योग्य आहे पण करंट अपुरा आहे; डायोड वापरणार असाल तर व्होल्टेजच जास्त आहे. असे का, हे समजण्यासाठी हिशेब मेन्सच्या बाजूने न करता व्हॉल्व्हपासून मागे मागे करत यावे लागते.

ईएल८४ च्या माहितीपत्रकातील नेहमीची स्थिती अशी आहे: प्लेटवर २५० व्होल्ट, प्लेट करंट ४८ मिलिअँपिअर, स्क्रीन करंट साधारण साडेपाच मिलिअँपिअर, ग्रिड बायस उणे ७.३ व्होल्ट आणि प्लेटचा भार ५.२ किलोओम. दोन व्हॉल्व्हचे मिळून १०७ आणि ईसीसी८३ चे दोन-तीन, म्हणजे एकूण ११० मिलिअँपिअर डीसी लागेल. प्लेटवर २५० हवे असतील तर त्यात कॅथोडवरचे ७ आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत पडणारे १२ ते १५ व्होल्ट मिळवावे लागतात; शिवाय चोकचा रोध १५० ओम धरला तर तेथे आणखी १६ ते १७ जातात. म्हणजे पहिल्या फिल्टर कपॅसिटरवर भारासह सुमारे २८५ व्होल्ट मिळाले पाहिजेत.

आता सिलिकॉन डायोडच्या ब्रिजनंतर कपॅसिटर असेल तर भारासह मिळणारे डीसी हे वाइंडिंगच्या एसी व्होल्टेजच्या अंदाजे १.३ पट असते. म्हणून ब्रिजसाठी २२० व्होल्टचे साधे वाइंडिंग पुरते. आपल्या २५०-०-२५० च्या ट्रान्सफॉर्मरला डायोड लावले तर सुमारे ३२५ व्होल्ट येतील, आणि ते ईएल८४ ला मानवणारे नाहीत, कारण त्याची प्लेटची मर्यादा ३०० व्होल्ट आणि १२ वॅट आहे. ईझेड८१ मध्ये स्वतःमध्येच काही व्होल्ट पडतात आणि त्याच्या वाटेत ठरावीक रोध असावाच लागतो, त्यामुळे तेथे २५०-०-२५० मधून पावणेतीनशेच्या आसपास मिळते, आणि हिशेब जुळतो.

करंटच्या बाबतीत नवख्या माणसाचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. कपॅसिटर प्रत्येक अर्धचक्राच्या माथ्यावर थोडाच वेळ, पण जोरदार करंट ओढतो, त्यामुळे वाइंडिंग तापते ते डीसीच्या आकड्याने नव्हे. ब्रिजमध्ये वाइंडिंगचा एसी करंट डीसीच्या दीडपट ते पावणेदोनपट धरावा, म्हणजे ११० मिलिअँपिअर डीसीसाठी २०० मिलिअँपिअरचे वाइंडिंग घ्यावे. सेंटर टॅपच्या मांडणीत दोन्ही अर्धे आळीपाळीने काम करतात, म्हणून तेथे प्रत्येक अर्ध्याला डीसीइतका किंवा किंचित जास्त करंट पुरतो. तरीही १०० अपुरे पडते, आपण १५० सांगावे. कारागिराला केवळ ‘मला ११० मिलिअँपिअर हवेत’ असे सांगू नये. कोणता रेक्टिफायर आहे, त्यापुढे कपॅसिटर आहे की चोक, आणि आकडा एसीचा आहे की डीसीचा, हे कागदावर लिहून द्यावे.

हीटरचा हिशेब सोपा आहे. ईएल८४ ला ०.७६ अँपिअर, दोघांचे १.५२, ईसीसी८३ चे ०.३, असे ६.३ व्होल्टला १.८२ अँपिअर होतात. ईझेड८१ असेल तर त्याचा १ अँपिअर वाढतो, पण त्याचे कॅथोड-हीटर इन्सुलेशन चांगले असल्याने त्याला वेगळे वाइंडिंग लागत नाही. जीझेड३४ या दुसऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हला मात्र ५ व्होल्ट, १.९ अँपिअरचे स्वतंत्र वाइंडिंग द्यावेच लागते. येथे सुरक्षिततेच्या नावाखाली ६ अँपिअरचे वाइंडिंग मागवू नये, कारण निम्म्याहून कमी भारावर त्याचे व्होल्टेज ६.३ च्या वर राहते आणि हीटरचे आयुष्य घटते.

आपल्याकडच्या मेन्सचा विचार येथे करावाच लागतो, आणि माझ्या मते हीच गोष्ट परदेशी आराखडे जसेच्या तसे उचलताना सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. कागदावर २३० व्होल्ट असले तरी मध्यरात्रीनंतर मीटर २४५-२५० दाखवतो. २५० व्होल्टला हीटरवर ६.८५ व्होल्ट येतात आणि एचटी, म्हणजे प्लेटला जाणारे उच्च डीसी व्होल्टेज, हेही पावणेनऊ टक्के चढते. ईएल८४ तर २५० व्होल्ट आणि ४८ मिलिअँपिअरला आधीच पूर्ण १२ वॅटवर आहे. व्होल्टेज आणि करंट दोन्ही चढले की तो १४ वॅटकडे जातो. म्हणून प्रायमरीला २२०, २३०, २४० आणि २५० असे टॅप काढून घ्यावेत, आणि कॅथोड रोध १८० ओमचा ठेवून प्लेट करंट ४० मिलिअँपिअरच्या आसपास आणावा. आवाजाची ताकद थोडी कमी होते, कानाला ते कळत नाही, आणि चढत्या मेन्सवरही व्हॉल्व्ह मर्यादेत राहतो. ट्रान्सफॉर्मरचे माप मात्र ११० मिलिअँपिअर धरूनच करावे.

ब्रिजच्या मांडणीत एचटीचे ४४ आणि हीटरचे १२, असे ५६ व्हीए होतात. ८० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. त्यासाठी गाभ्याचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर किंवा थोडे अधिक लागते. सर्वसाधारण बाजारी ट्रान्सफॉर्मर तांबे वाचवण्यासाठी १.३ ते १.४ टेस्लावर चालवतात. अ‍ॅम्प्लिफायरसाठी १ टेस्ला धरावा, म्हणजे ५० हर्ट्झला ४५ भागिले क्षेत्रफळ, इतके वेढे दर व्होल्टला. १० चौरस सेंटिमीटरला ते साडेचार वेढे होतात. खर्च थोडा वाढतो, पण ट्रान्सफॉर्मर थंड राहतो, गुणगुणत नाही आणि त्याचे विखुरणारे चुंबकीय क्षेत्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरपर्यंत कमी पोहोचते. चांगले वार्निश आणि प्रायमरी-सेकंडरीमध्ये तांब्याच्या पट्टीचे शील्ड हेही आवर्जून मागावे.

नवीन वाइंडिंग करून घेणे शक्य नसेल तर लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत शोधल्यास २३० ला २३० व्होल्टचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि ६-०-६ व्होल्ट, ३ अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर या जोडीवरही काम होते. पहिल्यातून ब्रिजने ३०० च्या आसपास व्होल्ट मिळतात, ते रोधाने उतरवता येतात. दुसऱ्याचा एक अर्धा हीटरला द्यावा, कारण २४० च्या मेन्सवर त्याचे ६ व्होल्ट ६.२५ होतात. मात्र आयसोलेशनशिवाय मेन्स थेट रेक्टिफाय करून चॅसिसला जोडण्याचा विचार कोणीही सुचवला तरी करू नये. जुन्या एसी-डीसी रेडिओंत, म्हणजे यूएल८४ सारख्या व्हॉल्व्हच्या संचांत, चॅसिसवर थेट मेन्स येऊ शकत असे; तो आराखडा इनपुट जॅक आणि स्पीकरची टर्मिनल्स बाहेर असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी जीवघेणा आहे.

चोकवर खर्च करावा का? माझे उत्तर निःसंशय होय असे आहे. पहिला कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरडचा असेल, आणि ईझेड८१ ला ५० पेक्षा मोठा चालतही नाही, तर ११० मिलिअँपिअरला त्यावर सुमारे २३ व्होल्टचा रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार, असतो. त्यानंतर २२० ओमचा रोध आणि १०० मायक्रोफॅरड लावले तर रिपल पावणेदोन व्होल्टच्या आसपास उरतो आणि २४ व्होल्ट फुकट जातात; त्याच जागी १० हेन्रीचा चोक लावला तर रिपल ०.०६ व्होल्टवर येतो. पुश-पुलमध्ये, म्हणजे प्रत्येक वाहिनीत दोन आउटपुट व्हॉल्व्ह एकमेकांविरुद्ध काम करतात त्या मांडणीत, रिपल बराचसा आपोआप छेदला जातो, सिंगल-एंडेडमध्ये तो सरळ स्पीकरला ऐकू येतो, म्हणून आपल्या मांडणीत चोकचे महत्त्व अधिक आहे. पैसे फारच कमी असतील तर ४० वॅटच्या ट्यूबलाइटचा जुना तांब्याचा चोक तात्पुरता चालतो. तो सव्वा ते दीड हेन्रीचा, हवेची फट असलेला आणि ०.४३ अँपिअर वाहणारा असतो, त्यामुळे त्याचा रिपलही अर्ध्या व्होल्टच्या आत येतो. त्याचे इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासावे आणि धातूचे आवरण अर्थ करावे.

आपण आउटपुट ट्रान्सफॉर्मरबद्दल विचारलेले नाही, पण एकूण रकमेतला सर्वांत मोठा वाटा तेथे जावा असे मी आग्रहाने सांगेन. ५.२ किलोओम ते ८ ओम म्हणजे वेढ्यांचे प्रमाण २५.५ ला १. प्रायमरीतून कायम डीसी वाहत असल्याने गाभ्यात हवेची फट हवीच. सार्वजनिक ध्वनिक्षेपणाचे १०० व्होल्ट लाइनचे ट्रान्सफॉर्मर स्वस्त मिळतात, पण त्यांना फट नसते आणि या कामात ते संपृक्त होतात. फीडबॅक न धरता ३० हर्ट्झपर्यंत खर्ज हवा असेल तर प्रायमरीचे इंडक्टन्स सुमारे २४ हेन्री लागते, आणि म्हणूनच रेडिओतला चिमुकला ट्रान्सफॉर्मर येथे निराश करतो. प्रायमरी तीन भागांत आणि त्यांच्या मध्ये सेकंडरी दोन भागांत गुंडाळायला सांगावी, म्हणजे वरच्या स्वरांची हानी टळते.

दोन्ही ट्रान्सफॉर्मर चॅसिसला छिद्रे पाडण्यापूर्वी टेबलावर ठेवून पाहावेत. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन जोडावा, फक्त मेन्स ट्रान्सफॉर्मरला वीज द्यावी, त्याच्या मोकळ्या सेकंडरी तारांची टोके टेपने झाकावीत, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवत गुणगुण जेथे नाहीशी होते ती दिशा पेन्सिलने आखून ठेवावी. बहुधा ती काटकोनाच्या जवळ येते.

कपॅसिटर ४५० व्होल्टचेच घ्यावेत, कारण डायोडच्या सप्लायमध्ये व्हॉल्व्ह तापण्यापूर्वी, चढत्या मेन्सवर, त्यांच्यावर ३७० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. त्यांच्यावर १०० किलोओम, १ वॅटचे दोन रोध एकापुढे एक असे कायमचे जोडावेत. वीज बंद केल्यावर सुमारे एका मिनिटात व्होल्टेज ५० च्या खाली येते, तरी हात घालण्यापूर्वी मीटरने पाहावेच. प्रायमरीत ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, एचटीच्या वाइंडिंगमध्ये वेगळा फ्यूज, आणि तीन पिनांच्या प्लगची अर्थ तार चॅसिसला स्वतंत्र बोल्टने, ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टखाली नव्हे, अशी जोडणी ठेवावी.