व्यवसायासाठी कोणता डेटाबेस घ्यावा: मोंगोडीबी, ओरॅकल की आणखी काही?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: घाऊक विक्रीचा व्यवसाय आहे. ऑर्डरी, साठा, उधारी सगळं एक्सेलमध्ये आहे. नवी प्रणाली पंधरा-वीस माणसं एकाच वेळी वापरणार. डेव्हलपर मोंगोडीबी म्हणतोय आणि सल्लागार ओरॅकलवर अडून बसलेत. एवढ्या माहितीवर मी पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस, टेबलांमध्ये डेटा ठेवणारा डेटाबेस) घ्या असं सांगेन.

बहुतेक जण आधी वेगाबद्दल विचारतात. तुमच्या पसाऱ्याला वेगाची अडचण येणारच नाही. दिवसाचे काही हजार व्यवहार यातला कुठलाही डेटाबेस साध्या सर्व्हरवर सहज पेलतो. पाहायचं ते डेटाचं रूप. ग्राहक, ऑर्डर, ऑर्डरमधल्या वस्तू, साठा, जमा रक्कम हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. असा डेटा टेबलांमध्ये मांडायची रिलेशनल पद्धत एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली, आणि हिशेबाच्या कामाला ती आजही सगळ्यात चपखल बसते.

एक प्रसंग बारकाईने पाहा. गोदामात एकच पेटी उरली आहे आणि दोन विक्रेते एकाच क्षणी तिची ऑर्डर घेतात. दोघांच्या स्क्रीनवर साठा १ दिसतो, दोघेही १ वजा करून ० लिहितात, आणि एक पेटी दोघांना विकली जाते. रिलेशनल डेटाबेसला एकाच हुकमात सांगता येतं, ‘साठा शून्याहून जास्त असेल तरच एकने कमी कर.’ पहिल्याचा व्यवहार ती ओळ धरून ठेवतो आणि दुसरा थांबतो. पहिल्याचं काम पुरं झालं की दुसऱ्याला साठा शून्य दिसतो, त्याचा हुकूम एकाही ओळीला लागू होत नाही, आणि प्रोग्राम त्याला ‘माल संपला’ असं सांगू शकतो. ऑर्डरची नोंद आणि साठ्यातली घट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकतर सगळं होईल नाहीतर काहीच नाही अशा गटात, ठेवली, तर मध्येच वीज गेली तरी अर्धवट काही उरत नाही.

मोंगोडीबीला हे जमत नाही असं मुळीच नाही. अनेक डॉक्युमेंट्सचा (टेबलांऐवजी त्यात नोंदी अशा ठेवतात) एकत्र व्यवहार त्यात २०१८च्या ४.० आवृत्तीपासून करता येतो. पण अस्तित्वातच नसलेल्या ग्राहकाच्या नावे ऑर्डर पडू नये, ही राखण तिथे डेव्हलपरच्या कोडला करावी लागते. पोस्टग्रेसमध्ये फॉरेन की (ऑर्डरमधला ग्राहक ग्राहकांच्या टेबलात असलाच पाहिजे, असा नियम) लावली की डेटाबेसच ती चुकीची नोंद नाकारतो. डेव्हलपर बदलतात, त्यामुळे हा फरक मला फार मोठा वाटतो. प्रत्येक मालाची माहिती वेगळ्या साच्याची आहे, म्हणून मोंगोडीबी हवा असं त्याचं म्हणणं असेल, तर तेवढ्यापुरता पोस्टग्रेसमधला जेसनबी कॉलम (त्यात प्रत्येक ओळीला वेगळ्या साच्याची माहिती ठेवता येते) वापरा. तो २०१४पासून आहे.

ओरॅकल भक्कम आहे, यात शंका नाही. पण त्याचा परवाना आणि तो सांभाळणारा जाणकार माणूस, दोन्हींचा खर्च तुमच्या गरजेपेक्षा मोठा पडेल. तुम्ही घेणार असलेलं एखादं तयार सॉफ्टवेअर फक्त ओरॅकलवरच चालत असेल, तर गोष्ट वेगळी. मायएसक्यूएल हा रिलेशनल डेटाबेसही चालेल, विशेषतः तुमच्या माणसांचा त्यावर हात बसलेला असेल तर. एसक्यूलाइट हा एकाच फाइलमध्ये राहणारा छोटा डेटाबेस मात्र इथे नको, कारण त्यात एका वेळी एकालाच लिहिता येतं.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही ते. रात्री सर्व्हर बंद पडला तर उठून कोण बघणार? तसं कुणी नसेल तर बॅकअप आणि अपडेट सांभाळून देणारी व्यवस्थापित क्लाउड सेवा घ्या. गिटलॅबसारख्या तांत्रिक कंपनीतही जानेवारी २०१७ मध्ये एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. तेव्हा कळलं की रोजचा बॅकअप होतच नव्हता. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६चा आणि बॅकअप घेणारं साधन ९.२चं होतं, आणि ते अपयशी ठरल्याचे ईमेल कुणापर्यंत पोचतच नव्हते. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. म्हणून ‘बॅकअप आहे’ या उत्तरावर समाधान मानू नका. डेव्हलपरला तुमच्यासमोर तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करायला लावा, आणि दर महिन्याला हे करायचं असं करारातच लिहून घ्या.

एक्सेलमधून डेटा हलवण्याआधी डेव्हलपरला दोन गोष्टी विचारा. रकमेचा कॉलम न्यूमेरिक (नेमका दशांश आकडा ठेवणारा) आहे ना? फ्लोट या अंदाजे आकडा ठेवणाऱ्या प्रकारात ०.१ आणि ०.२ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, आणि वर्षअखेरीस ताळेबंदात पैशा-पैशाचा फरक शोधत बसावं लागतं. आणि फोन नंबर मजकूर म्हणून ठेवलेत ना? आकडा म्हणून ठेवले तर सुरुवातीचं शून्य उडतं. एकाच ग्राहकाची तीन-तीन स्पेलिंगं एक्सेलमध्येच एकत्र करून घ्या. उधारी वेगवेगळ्या नावांवर विभागून नव्या प्रणालीत गेली, की ती जुळवणं फार कटकटीचं होतं.