डिसफेजिया की डिसफेझिया?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला. घरी सोडताना कागदावर 'डिसफेजिया' लिहिलं होतं आणि स्पीच थेरपिस्टला भेटायला सांगितलं होतं. त्यावरून घरच्यांनी हा बोलण्याचा विकार समजला. शोधल्यावर 'डिसफेझिया' असाही शब्द सापडला. हे दोन्ही एकच का, मराठीत काय म्हणायचं, आणि नात्यातल्या एका काकांनी सुचवलेला 'गिलनकृच्छ्र' चालेल का?

एकच नाहीत. डिसफेजिया म्हणजे गिळण्यातला त्रास. डिसफेझिया म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे भाषेत आलेला बिघाड: शब्द न सुचणं, चुकीचा शब्द तोंडात येणं, समोरच्याचं बोलणं नीट न उमगणं. दोन्ही शब्द ग्रीकमधून आलेले. आपल्याकडे घोळ वाढतो तो ज-झ मुळे. 'जाड' आणि 'जीव' यांतले ज आपण वेगळे उच्चारतो पण लिहितो एकच. परभाषेतला तिसरा उच्चार आला की कुणी ज लिहितो, कुणी झेरॉक्सचा झ. त्यामुळे दोन्ही विकारांसाठी 'डिसफेजिया'च लिहिलेलं सापडलं तर नवल नाही. डॉक्टरही या गोंधळाला कंटाळलेले असावेत, कारण भाषेच्या विकाराला आता बहुतेक जण 'अफेझिया'च म्हणतात. मराठीत त्याला 'वाचाघात' हा शब्द वापरात दिसतो आणि तो मला पसंत आहे.

लक्षात ठेवायचं तर ज जेवणाचा, एवढं पुरे. पण शब्दांच्या नादी लागलेल्यांसाठी याहून गोड गोष्ट व्युत्पत्तीत आहे. 'डिस' म्हणजे आपला 'दुस्', दुष्कर-दुर्गम यांतला. 'फेजिया'च्या मुळाशी खाणे या अर्थाचा ग्रीक धातू आहे. तो संस्कृत 'भज्'चा, म्हणजे वाटून घेण्याचा, नातेवाईक. 'भाग' आणि 'भक्षण' त्याच घरातले. 'फेझिया'च्या मुळाशी बोलण्याचा धातू आहे, आणि त्याचं नातं सांगतात ते 'भण्'शी. या 'भणति'चंच मराठीत 'म्हणणे' झालं. तेव्हा एकाचा संबंध भक्षणाशी, दुसऱ्याचा म्हणण्याशी.

आता बोलण्याच्या तज्ज्ञाकडे गिळण्यासाठी का पाठवलं? कारण अवयव तेच. ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र हे सगळं बोलायलाही लागतं आणि गिळायलाही. आवाज काढताना स्वरतंतू जवळ येतात. घास उतरताना ते घट्ट मिटतात, स्वरयंत्र वर उचललं जातं आणि श्वासनलिकेचं तोंड बंद होतं. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहा, ते वर सरकलेलं कळेल. मराठीला हे आधीपासून ठाऊक असावं असं वाटतं: 'गळा' हा शब्द गिळण्याच्याच धातूवरून आला, पण आपण 'तिचा गळा गोड आहे' म्हणतो ते गाण्याबद्दल.

गिळण्याचा विकार या क्षेत्रात ठळकपणे आणण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं त्यांत जेरी लोगेमन (१९४२–२०१४) हे नाव फार वरचं. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या या संशोधक मूळच्या वाचा-आवाजाच्या बाजूच्या. १९७८ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या २०० रुग्णांचं बोलणं तपासलं, तेव्हा ८९ टक्के रुग्णांच्या आवाजात दोष होता आणि ४५ टक्क्यांच्या उच्चारात. पुढे त्यांनी गिळण्याची तपासणी बसवली. क्ष-किरणांत उठून दिसणारं बेरियम मिसळलेला पातळ द्रव, दाट लगदा आणि बिस्किटाचा तुकडा, हे थोडं थोडं गिळायला द्यायचं आणि क्ष-किरणांनी त्याचं चलत्चित्र घ्यायचं. घास कुठे रेंगाळतो, कधी आणि का श्वासनलिकेकडे वळतो, हे त्यात दिसतं. १९८३ साली या विषयावरचं त्यांचं पुस्तक आलं.

या चित्रणातून एक गोष्ट लख्ख दिसली, आणि ती आपल्या 'ठसका' या शब्दाशी थेट भिडते. ठसका म्हणजे श्वासनलिकेने दिलेली हाकाटी. पण पक्षाघातानंतर तिथली संवेदना बोथट झाली असेल तर पाणी आत जातं आणि ठसका लागतच नाही. तेव्हा 'ठसका लागत नाही, म्हणजे गिळणं ठीक आहे' हे खरं नाही. खाल्ल्यावर आवाज ओला, खळखळता येतो का, वरचेवर ताप किंवा न्यूमोनिया होतो का, हेही पाहावं लागतं. त्या ओल्या आवाजाला काही जण 'घरघर' म्हणतात. वर्णन म्हणून चूक नाही, पण 'घरघर लागली'चा अर्थ आपल्याकडे काय होतो ते सगळ्यांना माहीत आहे. आजाऱ्याच्या उशाशी तो शब्द नको.

ठसक्यावरचा आपला घरगुती उपायही तपासून घ्यावा असा आहे. ठसका लागला की आजी म्हणते, 'वर बघ!' मान मागे टाकली की घास उतारावरून घसरतो आणि वाट श्वासनलिकेची जास्त उघडी राहते. ज्यांची जीभ घास मागे ढकलत नाही पण श्वासनलिकेचं रक्षण शाबूत आहे, अशा काहींना मान मागे टाकून गिळायला शिकवतातही. पुष्कळ पक्षाघातग्रस्तांना मात्र उलट सांगतात: हनुवटी छातीकडे घेऊन गिळा. कुणाला काय, ते तपासणारा ठरवतो. आजीने नाही, आणि मीही नाही.

मराठी शब्द खरे उपयोगी पडतात ते स्वयंपाकघरात. अन्नपाण्याच्या दाटपणासाठी 'इड्सी' नावाची आंतरराष्ट्रीय मोजणी आहे, ० ते ७ अशा आठ पायऱ्यांची. पातळ पदार्थ १० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये भरायचा, १० सेकंद वाहू द्यायचा आणि किती उरला ते पाहायचं. १ मिलिलिटरपेक्षा कमी उरला तर पायरी ०, ८ पेक्षा जास्त उरला तर ३, काहीच वाहिला नाही तर ४. आता आपले शब्द पाहा: पाणचट, पातळ, पळीवाढं, सरसरीत, दाट, घट्ट, गोळा, भाताला मोकळा, मऊ, आसट, गुरगुट्या. एवढी तयार शब्दसंपत्ती असताना 'मध्यम सांद्रतेचा द्रव' असलं काही छापलेलं दिसलं की मला राग येतो. अर्थात 'पळीवाढं' प्रत्येक घरी वेगळं असतं, म्हणून पायरी सिरिंजने ठरवावी आणि मग काळजी घेणाऱ्या बाईंना सांगताना शब्द घरचा वापरावा. एक सावधगिरी: आमटी-भात मऊ म्हणून सोपा, असं समजू नका. पातळ आमटी पुढे धावते, शितं तोंडात राहतात, आणि दोन वेगांचे पदार्थ सांभाळणं कमजोर घशाला जड जातं. बऱ्याच जणांना साधं पाणीच सगळ्यात अवघड जातं.

सासऱ्यांचं बोलणंही बिघडलं असेल, तर तिथेही नेमकं सांगा. 'बोलता येत नाही' यात तीन वेगळ्या गोष्टी लपतात. चमचा हवा असताना 'चप्पल' म्हणणं, किंवा शब्दच न येणं, ही वाचेची गोष्ट. शब्द बरोबर पण उच्चार लडबडलेला, तर जीभ जड झाली. शब्द आणि उच्चार ठीक पण स्वर घोगरा किंवा नुसती हवा, तर आवाज बसला. तज्ज्ञ यांना अफेझिया, डिसार्थ्रिया आणि डिसफोनिया म्हणतात, आणि तिन्हींचे उपचार वेगळे. 'बोबडी वळली' इथे वापरू नये, ती भीतीने वळते.

राहता राहिला 'गिलनकृच्छ्र'. आयुर्वेदातल्या 'मूत्रकृच्छ्र'च्या धर्तीवर तो घडवलेला दिसतो. घडण निर्दोष आहे. पण जोडाक्षर उच्चारतानाच ठसका लागावा असा शब्द या विकाराला कशाला? 'गिळण्याचा विकार' लेखात चालेल. घरात, आणि डॉक्टरांशी बोलतानासुद्धा, 'गिळायला त्रास होतो' म्हणा आणि लगेच पुढचं सांगा: पाणी की घास, सुरुवातीला की शेवटी, घास तोंडात राहतो की छातीत अडकल्यासारखा वाटतो. छातीत अडकत असेल तर दुखणं बहुधा अन्ननलिकेचं असतं आणि त्यासाठी पोटविकारतज्ज्ञ लागतो.