१,०४८ तलाव आणि माणसं फक्त ६० हजार: ऑटर टेल काउंटी एवढी ओस का?

तुमचा प्रश्न असा: नोकरीसाठी अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या फार्गोला आलो आहे, शेजारच्या मिनेसोटा राज्यातल्या ऑटर टेल काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) हजारावर तलाव आहेत, तरी वस्ती ६० हजारच, एवढी जागा ओस का पडली, आणि तलावाकाठी स्वस्तात प्लॉट मिळेल का?

‘ओस’ हा शब्द वाचला आणि उत्तर लिहायला घेतलं. जनगणनेचे तक्ते रोज हाताळणाऱ्या लोकांशीही माझा हा जुना वाद आहे. लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागायचं, आकडा लहान आला की ‘इथे कुणी राहत नाही’ म्हणायचं, ही पद्धत या काउंटीला लावली की उत्तर चुकतं.

आधी आकडा. २०२० ला लोकसंख्या ६०,०८१. पाणी वगळून जमीन सुमारे ५,१०७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गाएवढी (५,२०७). सिंधुदुर्गात २०११ ला ८,४९,६५१ माणसं होती, इथे चौरस किलोमीटरला जेमतेम १२. पण गावं सोडून माणसं निघून गेली, असं इथे घडलेलं नाही. १९४० ला ५३,१९२ लोक होते. पुढे शेतीत यंत्रं आली, शेतं एकमेकांत विलीन होत मोठी झाली आणि १९७० ला आकडा ४६,०९७ वर आला. तिथून तो चढत गेला आणि २०२० ची संख्या आजवरची सर्वांत मोठी आहे. १९८० च्या दशकात थोडी घट झाली, तेवढीच. माणसं परत आली ती मुख्यतः तलावांमुळे. निवृत्तीनंतर केबिनचंच, म्हणजे तलावाकाठच्या सुट्टीच्या घराचंच, कायमचं घर केलेले खूप आहेत, म्हणून दर चार माणसांमागे साधारण एक ६५ च्या पुढचं आहे.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेची जनगणना १ एप्रिल ही तारीख धरते आणि माणूस वर्षातला जास्त काळ जिथे राहतो तिथेच त्याला मोजते. १ एप्रिलला ऑटर टेल तलावावर बर्फ असतो, तो बहुतेक वर्षी एप्रिलच्या मध्यानंतर फुटतो. केबिनचा डॉक, म्हणजे पाण्यातला बोटीचा धक्का, शरदातच काढून काठावर रचून ठेवलेला असतो. नळांतलं पाणी काढून टाकलेलं असतं, सिंकखालच्या वाकड्या पाइपात गुलाबी अँटीफ्रीझ ओतलेलं असतं, कारण तिथे साचलेलं पाणी गोठलं तर पाइप फुटतो. या घराची नोंद होते ‘रिकामं, हंगामी वापराचं’. त्यातली माणसं फार्गोत किंवा मिनीआपोलिसमध्ये मोजली जातात. २००० च्या जनगणनेत काउंटीत घरं ३३,८६२ आणि राहती कुटुंबं २२,६७१ होती. मधला फरक ११,१९१, त्यातली बहुतेक घरं केबिन. एका केबिनमध्ये शनिवार-रविवारी चार माणसं धरा आणि ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, काउंटीत किती माणसं असतील त्याचा अंदाज करा. गणपतीत कोकणात चाकरमानी उतरतात तेव्हा जनगणनेच्या आकड्यावर एसटीच्या जादा गाड्या ठरवत नाहीत. इथे रुग्णवाहिका, कचरा, सेप्टिक टाक्या उपसणारी टँकर ही सगळी यंत्रणा जुलैच्या माणसांना पुरावी लागते, निधी मात्र अनेकदा एप्रिलच्या डोक्यांवर ठरतो. केबिनवाला मालमत्ता कर इथे भरतो, मत मात्र स्वतःच्या गावी देतो. तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचा बी२५००४ हा तक्ता उघडा आणि त्यातली हंगामी वापराची ओळ बघा. नुसती घनता बघून मत बनवू नका.

राहते लोकही सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. फर्गस फॉल्समध्ये १४,११९, पेरममध्ये ३,५१२, पेलिकन रॅपिड्समध्ये अडीच हजारांच्या वर; तिन्ही मिळून एक तृतीयांश. बाकीचे ६२ टाउनशिपांत (काउंटीचे ग्रामीण पोटविभाग) आणि लहान गावांत. जुनी वस्ती नॉर्वेजियन आणि जर्मन, न्यू यॉर्क मिल्सकडे फिनिश. पेलिकन रॅपिड्समध्ये टर्कीच्या कारखान्यामुळे सोमाली आणि स्पॅनिश बोलणारी कुटुंबं स्थायिक झाली आहेत.

तलाव एवढे का, हे प्लॉट घेण्याआधी समजून घ्या, कारण पैसे तिथेच बुडतात. हिमनदी मागे हटताना बर्फाचे मोठे तुकडे वाळू-दगडगोट्यांत पुरले गेले, मागाहून वितळले आणि खळगे राहिले. अशा कित्येक खळग्यांना बाहेर वाहायला वाट नाही. लागोपाठ ओली वर्षं आली की पाणी चढतं आणि वर्षानुवर्षं उतरत नाही. ज्या तलावातून नदी जाते तिथे हा धोका कमी. ऑटर टेल नदी ऑटर टेल तलावातून वाहत जाऊन ब्रेकनरिजला बॉइस द सू नदीला मिळते, तिथून रेड नदी होते आणि ते पाणी विनिपेग तलावामार्गे हडसन उपसागरात जातं. काउंटीच्या पूर्व भागातली लीफ नदी मात्र क्रो विंगमार्गे मिसिसिपीला मिळते. म्हणजे एकाच काउंटीतलं पाणी उत्तरेलाही जातं आणि मेक्सिकोच्या आखातातही. पेरमच्या आसपास वाळवट जमीन आहे, तिथे पाणी झपाट्याने मुरतं आणि बटाटा होतो.

१,०४८ मधले बरेचसे तलाव उथळ आणि पाणगवताने वेढलेले आहेत, घर बांधण्याच्या कामाचे नाहीत. राज्य तलावांचे तीन वर्ग करतं: नैसर्गिक, मनोरंजन आणि सामान्य विकास. सांडपाण्याची सार्वजनिक लाइन नसेल तर एका घरासाठी राज्याची किमान मर्यादा अनुक्रमे ८०,०००, ४०,००० आणि २०,००० चौरस फूट प्लॉट, काठाची रुंदी २००, १५० आणि १०० फूट, आणि घर पाण्यापासून १५०, १०० आणि ७५ फूट मागे. प्लॉटवर छप्पर आणि काँक्रीट मिळून २५ टक्क्यांच्या आतच हवं. ‘स्वस्त’ म्हणून दाखवलेला प्लॉट बहुधा यातल्याच एखाद्या अटीत अडकलेला असतो. त्याहून जास्त अडतं सेप्टिक, म्हणजे सांडपाणी प्लॉटवरच जमिनीत मुरवायची व्यवस्था. शोषखड्ड्याच्या तळापासून हंगामी भूजलापर्यंत तीन फूट कोरडी माती लागते. ती नसेल तर बाहेरून माती आणून उंचवट्याची रचना करावी लागते, तिचा खर्च जास्त आणि ती जागाही खाते. म्हणून आधी माती तपासणाऱ्या परवानाधारकाला बोलवा, मग किमतीचं बोला. जुनं घर घेत असाल तर सेप्टिकचा तपासणी दाखला तीन वर्षांच्या आतला आहे का ते विचारा.

डॉक किंवा बोट पाण्याबाहेर उचलून ठेवायची लिफ्ट दुसऱ्या तलावातून आणणार असाल तर ती आधी २१ दिवस कोरडी ठेवावी लागते, म्हणजे तिला चिकटलेले परके जीव नव्या तलावात पसरत नाहीत. याच काउंटीतल्या पेलिकन तलावात २००९ मध्ये झेब्रा शिंपले, असेच बाहेरून येऊन झपाट्याने पसरणारे जीव, सापडले.

दोन गोष्टी राहिल्या. वर दिल्या त्या राज्याच्या किमान अटी, काउंटीच्या याहून कडक असू शकतात, तेव्हा फर्गस फॉल्सच्या लँड अँड रिसोर्स मॅनेजमेंट खात्यात तलावाचं नाव सांगून वर्ग विचारा. आणि तुम्ही राहणार फार्गोत, म्हणजे होमस्टेडची, स्वतः कायम राहत्या घराला मिळणारी, कर सवलत तुम्हाला मिळणार नाही, घर हंगामी गटात जाईल. कराचा अंदाज त्या दराने काढा.