दशमांश: दहा टक्के की दहावा?

प्रश्न असा आहे: ‘दशमांश’ बरोबर की ‘दशांश’? आणि ख्रिस्ती माणसाला आपल्या उत्पन्नाचा दशमांश, म्हणजे दहावा भाग, चर्चला द्यावाच लागतो का?

आधी तक्रार. ‘मी तीन टक्के दशमांश देतो’, ‘यंदा जमेल तेवढा दशमांश दिला’, ‘त्यांचा दशमांश पंधरा टक्के आहे’ ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की आता कान किटले. तीन टक्के दशमांश म्हणजे पाच बाजूंचा चौकोन. दान म्हणा, अर्पण म्हणा, देणगी म्हणा, वर्गणी म्हणा. भाषेत शब्दांचा दुष्काळ नाही. दहावा भाग नसेल तर दशमांश म्हणू नका, एवढंच मागणं आहे. यावर एका जाणकाराने मला ऐकवलं की ‘तेल’ मुळात तिळाचंच, तरी आपण खोबऱ्याचं तेल म्हणतोच की. मुद्दा बिनतोड आहे, म्हणूनच मला आवडला नाही. तेलातला तीळ विरघळून शतकं लोटली, आता तो कुणाला दिसत नाही. दशमांशातला ‘दशम’ अजून धडधडीत समोर उभा आहे.

आता दशमांश की दशांश. व्याकरणाने दोन्ही चालतात. शतांश, सहस्रांश म्हणताना आपण ‘शततम’ वगैरे आणत नाही, षड्भाग म्हणजे सहावा भाग हेही सर्वमान्य आहे. पुरश्चरणात जपाच्या दशांश होम आणि होमाच्या दशांश तर्पण सांगतात, तिथेही ‘दशांश’च आहे. तेव्हा ‘दशांश’ला अशुद्ध ठरवणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. पण मराठीत दशांश गणिताच्या तासाला गेला तो परत आला नाही. दशांश चिन्ह, दशांश अपूर्णांक, तीन दशांश पाच. ‘त्याने दशांश दिला’ म्हटलं की मला त्याने टिंब दिल्यासारखं वाटतं. म्हणून दशमांश. ‘दशमांस’ लिहिणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही.

मात्र माझी पसंती केवळ सोयीची नाही. दशमांशात ‘दशम’ आहे, म्हणजे क्रमवाचक. दहा नव्हे, दहावा. हा फरक किरकोळ वाटत असेल तर बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा 27वा अध्याय काढून बघा. तिथे गुराढोरांच्या आणि शेरडामेंढरांच्या दशमांशाचा नियम आहे: काठीखालून जाणारं प्रत्येक दहावं जनावर परमेश्वराचं. चांगलं-वाईट निवडायचं नाही, अदलाबदल करायची नाही. प्रत्यक्षात हे कसं करायचं याचं वर्णन मिश्ना या यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात आहे. कळप कोंडवाड्यात घालायचा. दार इतकं अरुंद ठेवायचं की दोन जनावरं एकदम बाहेर पडू नयेत. मालक काठी घेऊन दाराशी उभा. एक, दोन, तीन, चार करत नऊपर्यंत मोजायचं, दहावं बाहेर आलं की त्याच्या अंगावर तांबड्या रंगाची खूण करायची आणि म्हणायचं, हा दशमांश. मोजताना चुकला तर? नवव्याला दहावं म्हणाला, दहाव्याला नववं आणि अकराव्याला पुन्हा दहावं, तर तिन्ही जनावरं पवित्र ठरतात! ज्या शास्त्र्यांनी एवढा विचार केला त्यांच्या घरी नक्कीच मेंढरं असणार.

ही टक्केवारी नव्हे, हे लक्षात येतंय ना? एका मोसमातली नऊच कोकरं मोजायला आली तर दहावं नाहीच, म्हणजे देणं शून्य. एकोणीस असली तरी एकच द्यायचं. आणि दाराशी दहावं येईल ते लंगडं असो की धष्टपुष्ट, ते गेलं. दशमांश हा भागाकार नव्हे, ती मोजणी आहे. हिब्रूतही त्या वाक्यात ‘दहावा’ हाच क्रमवाचक शब्द आहे. त्यामुळे आपला ‘दशमांश’ तिथे जितका चपखल बसतो तितका ‘दशांश’ बसत नाही, असं माझं मत आहे. (धान्य, द्राक्षारस, तेल मापानेच मोजत, तिथे हे लागू नाही, हे मला ठाऊक आहे. ते कळवण्याची तसदी कुणी घेऊ नये.)

शिवाय ‘दशम’ला सख्खे भाऊ आहेत. लॅटिनमधलं ‘देसिमुस’ म्हणजे दशम, एकाच मुळातले. त्याचं स्त्रीलिंगी रूप ‘देसिमा’ हे चर्चला द्यायच्या दहाव्या भागाचं नाव झालं. त्याचं फ्रेंचमध्ये ‘दीम’ झालं आणि तेच अमेरिकेत दहा सेंटच्या नाण्याला जाऊन चिकटलं, ती ‘डाइम’. इंग्रजीतला ‘टाइद’ हाही ‘दहावा’चाच जुना उच्चार, झिजून गुळगुळीत झालेला. म्हणजे अमेरिकन माणूस खिशात डाइम खुळखुळवत फिरतो तेव्हा तो आपला दशमांशच खुळखुळवत असतो. हिब्रू मात्र वेगळ्या कुळातली. आणि खरी गंमत तिथेच आहे.

हिब्रूत दहा म्हणजे ‘एसेर’. दशमांश म्हणजे ‘मआसेर’. श्रीमंती म्हणजे ‘ओशेर’. अक्षरं तीच तीन: अयिन, शिन, रेश. मधल्या अक्षराचा उच्चार कधी स, कधी श. डोक्यावरचा ठिपका डावीकडे असला तर स, उजवीकडे असला तर श. आणि हे ठिपके पुढच्या काळात दिलेले, मूळ लिखाणात नाहीत. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (नाव फसवं आहे, भाषांतराशी संबंध नाही. अनुवाद म्हणजे पुन्हा सांगणं हा जुना संस्कृत अर्थ इथे जिवंत राहिलाय, मराठी बायबलचं हे ऋण मान्य केलंच पाहिजे) 14व्या अध्यायात क्रियापद जोर देण्यासाठी दोनदा येतं: ‘अस्सेर तेअस्सेर’, म्हणजे दशमांश काढ म्हणजे काढच. तालमूदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, रब्बी (यहुदी धर्मपंडित) योहानान यांनी दुसऱ्या क्रियापदात स ऐवजी श वाचला आणि अर्थ काढला: दशमांश दे, म्हणजे तू श्रीमंत होशील. एक ठिपका इकडचा तिकडे झाला! आपल्याकडे चिता आणि चिंता यांच्यात एका बिंदूचा फरक सांगतात, त्याच जातीची ही कोटी. ‘द्या म्हणजे दसपट मिळेल’ असा जो घोष व्यासपीठांवरून होत असतो, त्याचं सर्वांत सुंदर रूप मला या ठिपक्यात दिसतं. फरक एवढाच की रब्बींना आपण कोटी करतोय हे माहीत होतं.

घोष करणारे अर्थात बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाचा आधार देतात. 3ऱ्या अध्यायात देव म्हणतो, दशमांश भांडारात आणा आणि मग पाहा, मी आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही. इथे ‘भांडार’ म्हणजे आमच्या मंडळीचं (चर्चचं) बँक खातं, असं ठणकावून सांगणारे विद्वान मी ऐकले आहेत. अहो, ते धान्याचं कोठार आहे! पुढची ओळ तरी वाचा. तुमच्या जमिनीचा उपज खाऊन टाकणाऱ्याला मी आवरीन, द्राक्षवेल फळं गाळणार नाही, असं वचन आहे. आकाशाच्या खिडक्या म्हणजे पाऊस, खाणारा म्हणजे टोळ किंवा कीड. शेतकऱ्याच्या कानासाठी बोललेलं वाक्य आहे हे.

यावरून मूळ प्रश्नातल्या ज्या शब्दाकडे कुणाचंच लक्ष जात नाही त्याकडे येतो. ‘उत्पन्न’. सगळे भांडतात दशमांशावरून, आणि घोटाळा करून ठेवलाय उत्पन्नाने. उत्पन्न म्हणजे उगवलेलं, निपजलेलं. बायबलच्या पहिल्या पुस्तकाचं मराठी नाव ‘उत्पत्ती’, त्याच धातूचं. शेतीचं उत्पन्न म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे पोती येतात. पण आज ‘तुमचं उत्पन्न किती?’ असं विचारलं की माणूस पगार सांगतो. मराठीत दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात, म्हणून ‘उत्पन्नाचा दशमांश’ हे आपल्याला सरळ वाटतं आणि ‘पगार कापून हातात येतो त्याचा की कापण्याआधीचा?’ असा वाद पुढे रंगतो. हिब्रूत त्या जागी ‘तेवूआ’ आहे, ‘येणे’ या धातूपासून. शब्दशः केली तर ‘आवक’. पण आवक कशाची? ‘तुझ्या बियाण्याची’, असं त्याच वाक्यात आहे. मोशेच्या नियमशास्त्रातला दशमांश धान्य, द्राक्षारस, तेल, झाडाची फळं आणि जनावरं यांचा. सुताराच्या मजुरीचा, कोळ्याच्या जाळ्यातल्या मासळीचा दशमांश तिथे सांगितलेला नाही. पैसा नव्हता म्हणून नव्हे. पैसा होता. अनुवाद 14मध्येच म्हटलंय की पवित्र स्थान लांब असेल तर दशमांश विकून चांदी करा, ती गाठीला बांधून न्या आणि तिथे जाऊन बैल, मेंढरं, द्राक्षारस, मद्य, मनाला येईल ते घेऊन घरच्यांसह खा, आनंद करा. लेव्याला (मंदिराची सेवा करणाऱ्या, स्वतःची जमीन नसलेल्या वंशातल्या माणसाला) मात्र विसरू नका. आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा, लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. हा भाग व्यासपीठावरून ऐकल्याचं मला आठवत नाही.

अब्रामाचा दाखला देणारे आणखी एक. त्यांचं म्हणणं, अब्रामाने (पुढचा अब्राहाम) मलकीसदेक या राजा-याजकाला दशमांश दिला तो मोशेच्या नियमशास्त्राआधी, म्हणून तो सर्वकाळ सर्वांना लागू. ठीक. मग पूर्ण लागू करा. तो दशमांश पगाराचा नव्हता, लढाईत सोडवून आणलेल्या मालाचा होता. आणि उरलेल्या मालातून सैनिकांनी खाल्लेलं आणि सोबत्यांचा वाटा सोडून अब्रामाने स्वतःसाठी दोरा किंवा चपलेचा बंदही ठेवला नाही, सगळं सदोमाच्या राजाला परत केलं. अब्रामाचं उदाहरण दहा टक्क्यांपर्यंतच का थांबतं?

येशूने दशमांशाचा उल्लेख केला तो परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाला, झापताना: पुदिना, शेपू, जिरे यांचा दशमांश देता आणि न्याय, दया, विश्वास सोडता. हे करायचं होतंच, तेही सोडायचं नव्हतं, असंही तो पुढे म्हणाला. दशमांशवाले या दुसऱ्या वाक्यावर उभे असतात. (शेपूच, बडीशेप नव्हे. ग्रीकमध्ये ‘अनेथॉन’ आहे. इंग्रजीच्या जुन्या भाषांतराने तिथे बडीशेपेच्या चुलत बहिणीचं नाव घातलं आणि चार शतकं गोंधळ चालू राहिला.) जिऱ्याचे दहा दाणे मोजून त्यातला एक बाजूला काढणारा माणूस नजरेपुढे आणा, म्हणजे टोमणा कळेल.

बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांत दशमांशाचं नावच नाही. करिंथकरांना (करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना) तो सांगतो, आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपल्याला मिळालं असेल त्या मानाने काही बाजूला ठेवावं, आणि दुसऱ्या पत्रात: मनात ठरवलं तेवढं द्यावं, कुरकुरत नको, बळजबरीने नको. मग बळजबरी आली कुठून? चर्चमध्ये आणि नंतर राजाच्या दरबारात. 585 मध्ये फ्रान्समधल्या माकोंच्या धर्मसभेने दशमांश न देणाऱ्याला बहिष्काराची धमकी दिली, 779 मध्ये फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने त्याला कायद्याचं बळ दिलं. फ्रान्सने तो 1789 च्या क्रांतीत मोडीत काढला, इंग्लंडने 1836 मध्ये धान्याऐवजी रोख रकमेवर आणला. आजच्या कॅथलिक धर्मविधानात, 1983 च्या, चर्चच्या गरजा भागवण्याचं कर्तव्य सांगितलंय, आकडा सांगितलेला नाही. मॉर्मन पंथात मात्र तो बंधनकारकच मानतात. त्यांच्या 1838 च्या आदेशात शब्द आहे ‘इंटरेस्ट’चा दहावा भाग, आणि त्याचा अर्थ ते ‘उत्पन्न’ असा लावतात. मराठी माणूस तिथे ‘व्याज’ वाचेल आणि खूश होईल. सेवन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्टही दशमांशाला धरून आहेत. बाकी बऱ्याच मंडळ्यांत तो आग्रहाचा विषय असतो, कायद्याचा नाही.

तेव्हा बंधनकारक आहे का, याचं उत्तर ज्या त्या मंडळीत मिळेल. मला विचाराल तर नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागात, मला ते सापडत नाही. तीन टक्के देणाऱ्याने खुशाल द्यावं, त्याला अर्पण म्हणावं.