आधी विचार, मुलं कुठे भेटणार

अगं पोरी,

पेडिॲट्रिक नर्स प्रॅक्टिशनर (पीएनपी) व्हायचं, म्हणजे मुलांना स्वतः तपासून औषध लिहिणारी नर्स व्हायचं, म्हणून इथल्या ऑनलाइन कोर्सच्या शाळांची तू पाठवलेली यादी पाहिली. रकाने छान पाडलेस: फी, क्रेडिट्स, किती वर्षं, कॅम्पसवर किती वेळा जावं लागतं, रँकिंग. एक रकाना मात्र राहिला, आणि माझ्या मते बाकीचे सगळे त्याच्या मागून येतात. क्लिनिकलची, म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण तपासून शिकायची, जागा कोण शोधणार, शाळा की तू?

लेक्चर, असाइनमेंट, डिस्कशन बोर्डवरची ती ठरीव वाक्यं, हे सगळं तू ह्यूस्टनच्या घरात पायजम्यात बसून करशील. पण रडणाऱ्या दीड वर्षाच्या मुलाच्या कानात ऑटोस्कोप घालून पडदा लाल आहे की फुगलाय, हे लॅपटॉपवर शिकता येत नाही. 2022 साली नॅशनल टास्क फोर्सने एनपी (नर्स प्रॅक्टिशनर) शिक्षणाचे निकष बदलले, तेव्हा प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचे किमान तास 500 वरून 750 केले. बॅचलर्सनंतर थेट डीएनपी (नर्सिंगमधली डॉक्टरेट) करायची म्हटलं तर एकूण 1000. 750 म्हणजे आठ तासांचे सुमारे 94 दिवस. आठवड्याला दोन दिवस दिलेस तरी वर्ष जवळजवळ संपतं. तेही मुलांच्या क्लिनिकमध्ये, कुणा पीएनपीच्या नाहीतर पेडिॲट्रिशियनच्या हाताखाली.

आता त्या प्रिसेप्टरच्या, म्हणजे तुला हाताखाली घेऊन शिकवणाऱ्याच्या, बाजूने बघ. बहुतेकांना याचे पैसे मिळत नाहीत. विद्यार्थी असला की प्रत्येक मुलामागे वेळ जास्त जातो, बाहेर वेटिंग रूममध्ये आया घड्याळ बघत असतात. आणि त्याच्या दारात तू एकटी नसतेस. मेडिकलची मुलं असतात, रेसिडेंट असतात, पीएचे (फिजिशियन असिस्टंटचे) विद्यार्थी असतात, शिवाय फॅमिली एनपी (सगळ्या वयांचे रुग्ण बघणारी शाखा) करणारे सगळे असतात, कारण त्यांनाही लहान मुलांचे तास लागतातच. मोठ्यांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, मुलांचे मोजके. म्हणून ही अडचण आपल्या शाखेत जास्त बोचते.

शाळांचे साधारण तीन प्रकार दिसतील. काही जागा स्वतः ठरवून देतात. काही म्हणतात, तू शोध, आम्ही मदत करू. आणि काही तुला जुनी एक्सेल शीट पाठवून शुभेच्छा देतात. वेबसाइटवर तिघींचीही भाषा एकच, ‘क्लिनिकल प्लेसमेंट सपोर्ट’. तेव्हा ईमेल लिहून नेमकं विचार: गेल्या वर्षी माझ्या पिनकोडच्या आसपास तुमच्या किती पेडिॲट्रिक विद्यार्थ्यांना जागा मिळाली? मला जागा मिळाली नाही, तर टर्म पुढे जाते का, आणि त्या टर्मची फी कोण भरतं? माझ्या ओळखीच्या क्लिनिकशी करार करायला तुमच्या ऑफिसला किती महिने लागतात? हा करार फार महत्त्वाचा. प्रिसेप्टर हो म्हणाली, तरी शाळा आणि क्लिनिक यांच्यात कागद झाल्याशिवाय तुझा एकही तास धरला जात नाही. वकिलांच्या टेबलावर फाइल पडून राहते आणि तू घरी. फोनवर गोड बोलणाऱ्या ॲडमिशन काउन्सेलरकडून ही उत्तरं घेऊ नकोस, ती विक्रीखात्याची माणसं. पेडिॲट्रिक ट्रॅकच्या डायरेक्टरला लिही. तिने आठवड्यात उत्तर दिलं नाही, तर तेही एक उत्तरच समज.

प्रिसेप्टर मिळवून देणाऱ्या कंपन्याही निघाल्यात, तासावर पैसे घेतात. अगदीच अडलं तर तो मार्ग आहे, पण फीच्या वर हा खर्च तुझ्या हिशोबात कुठेच नाही.

दुसरी गोष्ट राज्याची. ऑनलाइन आहे म्हणून पन्नासही राज्यांत चालेल, असं नसतं. शाळा तुझ्या राज्यातल्या विद्यार्थ्याला घेते का आणि तिची डिग्री तिथल्या लायसन्सच्या अटी पुऱ्या करते का, हे प्रत्येक शाळेच्या साइटवर कुठेतरी खाली बारीक अक्षरात दिलेलं असतं. टेक्सस बघच, पण तुझा नवरा आयटीत आहे, उद्या त्याची नोकरी सिॲटलला गेली तर काय, म्हणून वॉशिंग्टनही बघून ठेव. तुझं आरएनचं (नोंदणीकृत नर्सचं) कॉम्पॅक्ट लायसन्स अनेक राज्यांत चालतं. एनपीचं तसं नाही, ते राज्यागणिक वेगळं काढावं लागतं. कामाची मोकळीकही राज्यागणिक बदलते. वॉशिंग्टन, ओरेगन, ॲरिझोना इथे एनपी स्वतंत्रपणे प्रॅक्टिस करते. टेक्ससमध्ये प्रिस्क्रिप्शन लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो, आणि क्लिनिकमध्ये बसून शेड्यूल टू (व्यसनाच्या धोक्यामुळे कडक नियंत्रणातली) औषधं लिहिता येत नाहीत. म्हणजे एडीएचडीचं (लक्ष न टिकणारं, अतिचंचल) मूल तू तपासणार, शाळेचे फॉर्म तू वाचणार, आईला तू समजावणार, आणि त्यावरच्या मेथिलफेनिडेट या औषधाची सही मात्र डॉक्टरची. चिडचिड होईल, आत्ताच सांगून ठेवते.

हे सगळं झालं ‘कुठे’चं. तुझ्या मेसेजमध्ये ‘काय’बद्दल एक ओळ होती, ती मला खटकली. तू लिहिलंस की वॉर्डमध्ये आजारी मुलांची सवय आहे, म्हणून पेडिॲट्रिक एनपी सोपं जाईल. प्रायमरी केअरमध्ये, म्हणजे नेहमीच्या तपासणीच्या दवाखान्यात, आजारी मुलं असतात, पण दिवसाचा मोठा भाग निरोगी मुलांचा असतो. तीन-चार दिवसांचं बाळ, कावीळ किती आणि वजन किती घटलं ते बघायचं. दोन महिन्यांचं, लशी. वर्षाचं, रक्तातलं शिसं आणि हिमोग्लोबिन. दीड वर्षाचं, ऑटिझमची प्रश्नावली. मधेच चौथीतला मुलगा, दम्याचा पंप तोंडात उलटा धरणारा. आणि सोळा वर्षांची मुलगी, जिच्या आईला तुला हसतमुखाने ‘जरा पाच मिनिटं बाहेर बसता का’ म्हणायचंय. जन्मापासून 21 वर्षांपर्यंत सगळे तुझे. इथे आयव्ही नाही, मॉनिटर नाही, कोड ब्लू नाही. पंधरा-वीस मिनिटांत वाढीचा तक्ता वाचायचा आणि हजार ठीकठाक मुलांमधलं एक ठीक नसलेलं ओळखायचं. ज्यांना वॉर्डमधली धावपळ हवी असते, त्यांना हे काम मिळमिळीत वाटतं. त्यांच्यासाठी ॲक्यूट केअर (गंभीर आजारी मुलांचा) हा वेगळा ट्रॅक आहे, वेगळी परीक्षा, वेगळं सर्टिफिकेट. प्रायमरी केअर करून मुलांच्या आयसीयूत शिरायचं, असं चालत नाही. तेव्हा हे आधी ठरव. एखाद्या क्लिनिकमध्ये दोन दिवस नुसती बघत बसायची परवानगी काढ. जमलंच तर त्यातूनच पुढे प्रिसेप्टर निघतो.

तुझी मैत्रीण म्हणते तसं फॅमिली एनपी केलं, तर नोकऱ्या जास्त मिळतील हे खरं आहे. या देशातल्या दर दहा एनपींत सातेक जणी फॅमिलीच्या. लहान गावात राहायचं असेल किंवा मोठ्यांचंही काम आवडत असेल, तर मी तुला अडवणार नाही. पण त्यांच्या अभ्यासक्रमात मुलं हा एक तुकडा असतो, तुझ्या अभ्यासक्रमात सगळे तास मुलांचेच. गंमत म्हणजे या व्यवसायाची सुरुवातच मुलांपासून झाली. 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही पब्लिक हेल्थ नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, दोघांनी मिळून पहिला एनपी कोर्स काढला तो पेडिॲट्रिकचाच, कारण खेड्यापाड्यांतल्या मुलांना डॉक्टर मिळत नव्हते. फोर्डबाई 2025 मध्ये गेल्या, 104 वर्षांच्या होऊन. आज त्याच मूळ शाखेत माणसं कमी. मला याचं वाईटही वाटतं आणि तुझ्यासारखी कुणी विचारायला आली की बरंही वाटतं.

एमएसएन (नर्सिंगमधली मास्टर्स) की डीएनपी, यावर तू पानभर लिहिलंस, मी चार ओळींत आटपते. एनपी शिकवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 2018 मध्ये जाहीर केलं होतं की 2025 पर्यंत डीएनपी हीच प्रवेशाची पायरी व्हावी. त्यामुळे बऱ्याच विद्यापीठांनी एमएसएन बंद करून थेट डीएनपी ठेवली. पण पीएनसीबी या मंडळाची सीपीएनपी-पीसी (मुलांच्या प्रायमरी केअरच्या एनपीची) परीक्षा अजून एमएसएनवर देता येते आणि लायसन्सही मिळतं. शिकवायचं मनात असेल तर डीएनपी घे. नसेल तर आधी कामाला लाग, ती नंतरही करता येते. परीक्षा तीन तासांची, 175 प्रश्नांची. प्रोग्रॅमला सीसीएनई, एसीईएन किंवा सीएनईए या संस्थांपैकी एकीची मान्यता नसेल, तर परीक्षेला बसूच देणार नाहीत, तेव्हा ते आधी तपास. पहिल्याच प्रयत्नात किती विद्यार्थी पास होतात, हेही विचार. चांगल्या शाळा आकडा लपवत नाहीत.

शिवाय तीन मोठे कोर्स जवळपास सगळीकडे सारखेच: ॲडव्हान्स्ड पॅथोफिजिऑलॉजी, ॲडव्हान्स्ड हेल्थ असेसमेंट, ॲडव्हान्स्ड फार्माकॉलॉजी. हे तिन्ही एकाच टर्ममध्ये घेऊ नकोस, कुणी काहीही सांगो.

तुझे कागद. तुझं बी.एस्सी. नर्सिंग आहे, ही मोठी सोय. जीएनएम (डिप्लोमा) केलेल्यांना बहुतेक ठिकाणी आधी बीएसएन, म्हणजे नर्सिंगची पदवी, पूर्ण करावी लागते. नाशिकच्या विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मागवायला आत्ताच कुणाला तरी कामाला लाव. एनसीएलएक्सच्या (इथल्या नर्सिंग लायसन्सच्या परीक्षेच्या) वेळची सीजीएफएनएसची फाइल तुझ्याकडे असेल (परदेशी नर्सेसचे कागद तपासणारी संस्था, तिचं नाव आता ट्रूमेरिट झालंय), पण शाळा बहुधा विषयवार मूल्यमापन वेगळं मागते. आपल्याकडचे 62 टक्के बघून घाबरू नकोस. इथल्या जीपीएत ते थेट टक्क्यांनी मोजत नाहीत, रूपांतर बरंच बरं येतं.

पैशांचं. तुझं हॉस्पिटल ट्यूशनचे पैसे देतं का? वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत मालकाने दिलेल्या रकमेवर तुला कर नाही. बदल्यात ते किती वर्षं बांधून घेतात आणि त्यासाठी फुल टाइम राहावं लागतं का, हे सहीआधी वाच. बाहेरच्या नर्सेस बहुतेक ईबी-3 (नोकरीवरून मिळणारं ग्रीन कार्ड) वर येतात, तशी तूही ग्रीन कार्डवर आहेस, म्हणून फेडरल कर्ज मिळेल. पण 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे मोठं सरकारी कर्ज बंद, आणि साध्या ग्रॅज्युएट कर्जाला वर्षाला 20,500 डॉलरची मर्यादा. महागड्या शाळेचा हिशोब आता या आकड्यात बसवून बघ. नंतर गरज असलेल्या भागात काम केलंस, तर नर्स कोअर या सरकारी योजनेतून दोन वर्षांत कर्जाचा 60 टक्के भाग फेडला जातो. स्पर्धा असते, खात्री धरून खर्च करू नकोस.

आणि झोप. आठवड्याला 36 तास नाइट, 16 तास क्लिनिकल, वर अभ्यास, हे गणित कागदावर बसतं, अंगात बसत नाही. नाइट करून सकाळी क्लिनिकला गेलेली नर्स किलोमागे डोस काढताना चुकू शकते. क्लिनिकलच्या टर्ममध्ये वीकेंडच्या शिफ्ट मागून घे किंवा तास कमी कर, आणि हे नवऱ्याशी ॲडमिशनआधी बोल. सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार असतील, तर त्या पहिल्या टर्मला नव्हे, क्लिनिकलच्या टर्मला याव्यात, असं बघ.

सासूबाईंवरून सांगते. इकडे न्यू जर्सीत आमच्याकडे नातवंडं सांभाळायला आलेल्या आज्या येतात. बाळगुटी, काजळ, जिभेवर मधाचं बोट, सगळं असतं. वर्षाच्या आत मध नको, बोटुलिझमचा धोका असतो. काजळ-सुरम्यात शिसं सापडतं, म्हणून इथल्या एफडीएनेही ते वापरू नका असं सांगितलंय. एखादी नवखी नर्स हे पॅम्फ्लेट हातात देऊन सांगते आणि आजी घरी जाऊन काजळ घालतेच. तू मात्र ‘आजी, तीट गालाला नको, तळपायाला लावा, आणि डोळ्यांत काही नको’ असं मराठीत म्हणू शकतेस, नि ती ऐकते. हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. मात्र टेक्ससमध्ये तुझ्या बऱ्याच आया स्पॅनिश बोलणार, तेव्हा फार्माकॉलॉजीइतकीच निमूटपणे स्पॅनिशही शिकायला लाग.

तुझ्या मावसबहिणीला काय सांगायचं, तेही विचारलंस. मिरजेत बसून हा कोर्स होणार नाही. इथलं चालू आरएन लायसन्स आणि इथले क्लिनिकल तास, दोन्ही लागतात. आणि ऑनलाइन प्रोग्रॅमवर एफ-1 (विद्यार्थी) व्हिसा मिळत नाही. एखाद्या एजंटने तसं सांगून पैसे मागितले, तर देऊ नकोस म्हणावं. भारतात मुलांच्या प्रायमरी केअरच्या एनपीचं पद नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा एनपी कोर्स क्रिटिकल केअरचा आहे, आणि दुसरा मिडवाइफरीचा. मुलांमध्येच राहायचं असेल, तर चाइल्ड हेल्थ नर्सिंगमध्ये एम.एस्सी. हा तिच्यासाठी सरळ रस्ता.

शनिवारी दुपारी माझं क्लिनिक बंद असतं, तेव्हा फोन कर. त्याआधी यादीतल्या शाळांना ते तीन प्रश्न पाठव आणि आलेली उत्तरं जशीच्या तशी मला फॉरवर्ड कर, फीचे रकाने आपण नंतर बघू.

तुझी,
ताई