आजोबांकडून आलेल्या जुन्या माचेटीचे (झाडी तोडायच्या लांब, रुंद पात्याच्या कोयत्याचे) वय आणि मूळ कसे ओळखावे? ठसा वाचण्यासाठी पाते आधी पॉलिश करावे का?

कृपया पॉलिश करू नका. माचेटी कोणत्या कारखान्याची आणि कोणत्या काळातली, याचा सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे मुठीलगत पात्यावर उमटवलेला ठसा, आणि तो कायमचा पुसून टाकायला ग्राइंडरचा एखादा हातही पुरतो.

हे मी पोटतिडकीने लिहितो आहे, कारण आमच्या घरी नेमके हेच होणार होते. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते आणि तिथून आणलेली माचेटी त्यांनी अखेरपर्यंत ट्रंकेत जपली. माझे काका मात्र ती युद्धानंतर लिलावात घेतलेले भंगार आहे, असे चारचौघांत सांगत आणि तिला चकचकीत करून भिंतीवर लावायला निघाले होते. मी ती त्यांच्याकडून मागून घेतली, मशीनचे पातळ तेल लावून रात्रभर ठेवली, सुती फडक्याने पुसली आणि पात्यावर पातळ कागद धरून मऊ शिसपेन्सिल आडवी फिरवली. गंजाने अर्धे खाल्लेले कारखान्याचे नाव लागले नाही, पण 1944 हे साल स्पष्ट उमटले आणि त्याखाली एका टोकाला मिळणाऱ्या तीन रेघा, पक्ष्याच्या पायाच्या ठशासारख्या. हा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण होय. असा माल अधिकृतपणे विकून टाकताना समोरासमोर टोके भिडतील असा दुसरा बाण मारण्याची पद्धत होती. आमच्या पात्यावर बाण एकच आहे आणि आजोबांच्या सैनिकी नोंदवहीत ब्रह्मदेशातील सेवेची नोंद आहे.

आपल्या पात्यावर मुकुट आणि हातोडा धरलेला हात अंधूक दिसतो, असे आपण लिहिले आहे. ती अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या कॉलिन्स कंपनीची खूण असावी. सोबत ‘लेजिटिमस’ हा शब्दही शोधा. ही कंपनी 1826 ते 1966 या काळात चालली आणि तिच्या माचेटी लॅटिन अमेरिकेत शेतीकामासाठी मोठ्या प्रमाणावर जात. अमेरिकी सैन्याची 1942 च्या नमुन्याची, 18 इंची पात्याची माचेटीही तिने बनवली. त्यामुळे पात्यावर युद्धकाळातले साल असेल तर ती सैनिकी असण्याची शक्यता मोठी. मुठीवरून मात्र वय ठरवू नका, कारण मुठी झिजतात आणि बदलल्या जातात. म्यान असेल तर तेही तपासा. त्यावर वेगळे ठसे असतात.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. कॉलिन्सच्या खुणेच्या नकला पुष्कळ झाल्या, म्हणून केवळ चित्रावर विसंबू नका, अक्षरेही लागली पाहिजेत. तसेच विकलेल्या प्रत्येक वस्तूवर दुसरा बाण मारलेला असेच असे नाही, त्यामुळे एकटा बाण काही सिद्ध करत नाही. पण बाण, साल आणि नोंदवही ही तिन्ही एकमेकांशी जुळत असताना लिलावाची गोष्ट सांगणाऱ्याने निदान लिलावाची पावती तरी दाखवावी. काकांकडे ती कधीच नव्हती. आपल्या घरातही कोणी असेच ठामपणे सांगत असेल, तर ते कोणाकडून ऐकले हे आधी विचारा आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवा.