अवतरणाबाहेरचा प्रत्यय

प्रश्न : शाळेच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे आहे. लेखांमधली पुस्तकांची नावं तिरक्या अक्षरांत छापावीत की अवतरणचिन्हांत? आणि कंस कधी घालावा? – एक शिक्षिका, मिरज

उत्तर : तिरकी अक्षरं नकोतच. ती रोमन लिपीची. १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्डस मनुशियस या मुद्रकाने त्या अक्षरांत अख्खं पुस्तक छापलं. तो ठसा हाताच्या लपेटीदार लेखनावरून घडवलेला होता. देवनागरीत तशी वेगळी घडण रुजली नाही. संगणक सरळ अक्षरच एका अंगाला ढकलतो, आणि वेलांट्या, रफार शेजारच्या अक्षरावर कलतात. मी तीस वर्षं प्रुफं वाचली. आमच्या छापखान्यात तिरके खिळे (छपाईची धातूची अक्षरं) नव्हते आणि त्यांच्यावाचून काही अडलंही नाही.

पुस्तकाचं नाव एकेरी अवतरणात द्या. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे द्यायचे असतील तर दुहेरी. खरी मेख आहे ती प्रत्ययाची. मराठीत नामाला प्रत्यय लागला की त्याचं रूप बदलतं, पण अवतरणातल्या नावाला हात लावायचा नाही. प्रत्यय बाहेर, मध्ये जागा न सोडता. एकदा मी प्रुफात एका लेखाच्या मथळ्यात ‘रणांगण’वर असं ठेवलं होतं. खिळेजुळाऱ्याला ती चूक वाटली. त्याने अवतरण काढून रणांगणावर असं जुळवलं आणि तसंच छापून आलं. लेख होता विश्राम बेडेकरांच्या १९३९च्या कादंबरीवर, आणि मथळा वाचणाऱ्याला वाटत होतं, लेखक युद्धभूमीबद्दल लिहितोय! ती चूक मला आजही सलते. दोन टिंबांएवढी चिन्हं, पण अर्थ त्यांनीच धरून ठेवलेला असतो.

जोर देण्यासाठी मात्र अवतरण वापरू नका. ‘ताजं’ दूध असं लिहिलंत तर वाचणारा दुधाचा वास घेईल. मराठीत जोर द्यायला ‘च’ आहे, शब्दांचा क्रम आहे.

कंसाची कसोटी सोपी आहे. कंसातला मजकूर झाकून वाक्य वाचा. ते व्याकरणाने पूर्ण उभं राहिलं पाहिजे, क्रियापदही बाहेरच्या कर्त्याप्रमाणेच चालेल. ‘मावशी (आणि तिची मुलं) उद्या येणार आहे’ हे नियमाने बरोबर, पण कानाला खटकतं. कान खटकला की समजा, ती मुलं कंसात टाकण्याइतकी दुय्यम नाहीत. सरळ लिहा : मावशी आणि तिची मुलं उद्या येणार आहेत.